राखाडी पट्टी: छटा ओळखताना डोळ्याला फसू द्यायचं नसेल तर

फ्लेक्सचं डिझाइन शिकणारे, दुकानांचे बोर्ड रंगवणारे, इंटरमिजिएटला बसणारी मुलं आणि घराला रंग काढायला घेतलेली माणसं, या सगळ्यांची रड एकच. स्क्रीनवर, डबीत किंवा शेड कार्डावर बरोबर वाटलेली छटा जागेवर गेली की गडद तरी निघते, नाहीतर धुतल्यासारखी. दोष बहुतेक वेळा रंगाच्या माथी जातो. खरं तर डोळा उजेड मोजतच नाही, शेजारच्याशी तुलना करतो. म्हणून शेजारी ठेवायला काहीतरी न बदलणारं हवं. ती वस्तू म्हणजे राखाडी पट्टी: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे आठ खाने क्रमाने लावलेली. विकत मिळते, पण एकदा स्वतः बनवली की डोळा कुठे आणि का चुकतो हे हाताला कळतं. काम एका रविवारचं आहे, रंग वाळायचा वेळ धरून.

आधी दोन शब्द वेगळे करा

साताऱ्याजवळ माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, भर दुपारी काळ्या पाषाणाच्या पायऱ्या बघा. उन्हात सुमारे १,००,००० लक्स (लक्स म्हणजे पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. पाषाण त्यातला दहावा हिस्सा परत फेकतो असं धरलं, तर हिशोबाला १०,००० आले. आता घरात ट्यूबखाली ठेवलेला वहीचा कागद घ्या. उजेड २०० लक्स, कागद परत फेकतो शंभरातले ८५, म्हणजे १७०. उन्हातला काळा दगड घरातल्या पांढऱ्या कागदाच्या जवळजवळ साठपट उजेड डोळ्यात पाठवतो. तरी दगड काळाच दिसतो आणि कागद पांढराच.

डोळ्यात एकूण किती उजेड आला याची जी जाणीव होते तिला या लेखात तेज म्हणू. तो पृष्ठभाग मुळात किती पांढरा किंवा काळा आहे याची जाणीव म्हणजे उजळपणा. चित्रकलेच्या वर्गात यालाच व्हॅल्यू म्हणतात. उन्हातल्या दगडाचं तेज जास्त, उजळपणा कमी. मेंदू भोवतालची सगळ्यांत पांढरी वस्तू धरून बाकीच्यांना पायरी देतो. राखाडी पट्टी उजळपणाची आहे, तेजाची नाही, म्हणून ती कायम कामाच्या उजेडातच, कामाला चिकटवून धरायची.

लागणारं सामान

- जाड पांढरा ड्रॉइंग पेपर, ४ ताव. सगळे एकाच गठ्ठ्यातले.
- पांढरा आणि काळा पोस्टर कलर, प्रत्येकी एक बाटली. चकचकीत ऑइल पेंट नको, त्यात खिडकी दिसते.
- चपटा ब्रश, पाण्याची दोन भांडी, प्लास्टिकच्या झाकणाच्या सहा डब्या.
- कंपास, कोनमापक, कटर, स्टीलची पट्टी.
- ६ मिमीचा बोल्ट, नट आणि चार रुंद वॉशर. हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात.
- ड्रिल मशीन. शेजारच्या सुताराकडून तासभर मागून आणलं तरी चालतं.
- फाइलला भोक पाडायचा पंच.
- काळसर जाड पुठ्ठा, पाठीला.

१. उजेड ठरवा

पहिली चूक इथेच होते. रात्री पिवळ्या दिव्याखाली पट्टी बनवायची, दुपारी दारात नेऊन बघायची आणि मग रंगवाल्याला बोल लावायचा.

उत्तरेच्या खिडकीपाशी, सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये बसा. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा हलत नाही असं सगळेच सांगतात. आपल्याकडे त्याला एक पुरवणी जोडावी लागते. सातारा-सांगली साधारण १७ अंश अक्षांशावर आहेत, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतूनही थेट ऊन येऊ शकतं. मग पातळ पांढरा पडदा लावा, किंवा सरळ ढगाळ दिवस धरा.

खिडकी नसेल तर ५,००० केल्विनचा (म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा), सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त असलेला एलईडी घ्या. हे आकडे खोक्यावर छापलेले असतात. सीआरआय छापलेलाच नसेल तर तो दिवा या कामाला नको. छापाईच्या धंद्यात नमुना तपासायला ५,००० केल्विन आणि २,००० लक्सची अट असते. घरी ५०० ते १,००० लक्स पुरे. मोबाइलचं लक्स दाखवणारं ॲप अंदाजापुरतं चालतं. एका फोनचा आकडा दुसऱ्या फोनशी जुळेलच असं नाही, म्हणून एकाच फोनने जागा-जागांची तुलना करा.

अंगात रंगीत शर्ट नको. पिवळा किंवा लाल शर्ट कागदावर रंग टाकतो आणि ते आपल्याला कळतही नाही.

उन्हातून आत आल्यावर दहा मिनिटं थांबा. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना क्षणभर समोर नुसतं काळं भोक दिसतं. तसाच डोळा घरात शिरतानाही मागे राहतो, फक्त घरात ते जाणवत नाही. पूर्ण अंधाराला सरावायला तर अर्धा तास लागतो.

२. चकत्या कापा: कोनमापकाने राखाडी मोजायची युक्ती

राखाडी छटा किती टक्के उजेड परत फेकते हे घरी कसं मोजायचं? भिंगरीने. चकतीवर पांढरे आणि काळे त्रिकोणी फाळ रंगवून ती जोरात फिरवली, की डोळ्याला दोन्हींची सरासरी दिसते. फाळाचा कोन मोजला की राखाडी मोजली. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५०च्या दशकात रंगांचे प्रयोग याच पद्धतीने केले होते.

नवख्याचा अंदाज असतो की निम्मा काळा आणि निम्मा पांढरा घेतला की बरोबर मधली राखाडी मिळेल. मिळत नाही. अर्धी-अर्धी चकती फिरवली तर पांढऱ्याकडे झुकलेली फिकट छटा दिसते. डोळ्याला मधली वाटणारी राखाडी पांढऱ्याच्या फक्त १८ टक्के उजेड परत फेकते. अंधाराकडच्या बारीक फरकांना डोळा जास्त जागा देतो, उजेडाकडच्या फरकांना कमी. सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ मध्ये ठरवलेली उजळपणाची ० ते १०० मोजपट्टी याच वक्ररेषेवर उभी आहे. तिच्यावर ५० म्हणजे १८ टक्के.

आपला कागद १०० आणि वाळलेला काळा पोस्टर कलर ५ टक्के धरून पांढऱ्या फाळाचे कोन असे निघतात:

- खाना १: निव्वळ काळा
- खाना २ (उजळपणा ४०): एकूण पांढरा २४ अंश
- खाना ३ (५०): ५१ अंश
- खाना ४ (६०): ८८ अंश
- खाना ५ (७०): १३५ अंश
- खाना ६ (८०): १९६ अंश
- खाना ७ (९०): २७० अंश
- खाना ८: कोरा कागद

काळा मोजपट्टीवर साधारण २७वर येतो, त्यामुळे पहिल्या दोन खान्यांतलं अंतर बाकीच्यांपेक्षा थोडं मोठं आहे. पोस्टर कलरमध्ये याहून काळं मिळत नाही, चालवून घ्या.

१२ सेंमी व्यासाच्या सहा चकत्या कापा. एकूण कोनाचे चार समान फाळ पाडून ते चार दिशांना ठेवा. खाना ४ साठी ८८ भागिले ४, म्हणजे २२ अंशांचे चार पांढरे फाळ, कोऱ्या कागदाचेच, मधली जागा काळी रंगवायची. खाना २ ला प्रत्येक फाळ ६ अंशांचाच येतो, तिथे पेन्सिलला नीट टोक काढा. चार फाळ का, तर एकाच फाळाची चकती दुप्पट-चौपट वेगाने फिरवावी लागते, नाहीतर लुकलुकते. चार फाळांना ड्रिलचे मिनिटाला २,००० फेरे पुरतात. टेबल फॅनची पाती काढून त्यावर चकती बसवायचा मोह होईल. पंख्याचा वेग अपुरा पडतो आणि हात अडकायची भीती वेगळी.

मोठा सापळा दिव्याचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. फिरत्या चकतीवर त्यांचा उजेड पडला की फाळ जागच्या जागी थांबल्यासारखे किंवा हळूहळू उलटे सरकताना दिसतात. राखाडी दिसतच नाही. हे काम दिवसाच्या उजेडातच करायचं.

३. रंग मिसळा आणि कड नाहीशी होईपर्यंत जुळवा

नेहमी पांढऱ्यात काळा घालायचा, काळ्यात पांढरा नव्हे. काळ्याचा जोर इतका असतो की समान भाग घेतले तर छटा गडदच होते, मग पांढरा ओतत बसावं लागतं आणि बाटली संपते. डबीत दोन चमचे पांढरा घ्या आणि काळा टूथपिकच्या टोकाने घाला. खाना ७ साठी टोकावर बसेल तेवढाच काळा घालून सुरुवात करा.

कागदाच्या तुकड्यावर दोन हात द्या. दुसरा हात पहिला वाळल्यावर, आडवा. ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नका. पोस्टर कलरच्या फिकट छटा वाळताना गडद होतात आणि गडद छटा वाळताना फिकट. दोन्ही टोकं मध्याकडे सरकतात. पंख्याखाली पंधरा मिनिटं थांबा. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमट हवेत अर्धा तास धरा.

आता त्या वाळलेल्या तुकड्यातून ५ सेंमीची छोटी चकती कापा. बोल्टमध्ये आधी वॉशर, मग फाळांची मोठी चकती, तिच्यावर ही छोटी, पुन्हा वॉशर, आणि नट घट्ट आवळा. बोल्टची शेपूट ड्रिलच्या चकमध्ये पकडा. चकती चेहऱ्यासमोर धरू नका, हाताच्या अंतरावर, किंचित बाजूला ठेवा आणि वेग हळूहळू वाढवा. सैल नट उडतो.

चकती फिरली की बाहेरच्या कड्यात मोजलेली राखाडी दिसेल आणि मध्ये तुमची मिसळलेली. मधली गडद वाटली तर पांढरा, फिकट वाटली तर टूथपिकभर काळा. दोन छटांमधली कड दिसेनाशी झाली की जुळलं. डोळा दूरदूरच्या दोन छटा लक्षात ठेवून जुळवण्यात कच्चा आणि चिकटलेल्या दोन छटांमधली कड पकडण्यात फार तयार आहे. या पद्धतीत त्याला जे जमतं तेवढंच काम दिलेलं आहे.

कड गेली तरी एक निळसर आणि एक पिवळसर वाटेल. काळ्या रंगात निळी झाक असते म्हणून. उजळपणा जुळला असेल तर ते सोडून द्या, नाहीतर संध्याकाळ होईल.

जुळलेल्या रंगाची डबी लगेच झाका, वर खान्याचा आकडा लिहा.

४. पट्टी जोडा

प्रत्येक छटेचा ३ बाय ४ सेंमीचा तुकडा कापा, मध्ये पंचने भोक पाडा आणि काळसर पुठ्ठ्यावर १ ते ८ क्रमाने चिकटवा. मग मागच्या पुठ्ठ्यालाही त्याच जागी भोक पाडा. तुकड्यांमध्ये फट किंवा पांढरी रेघ ठेवू नका.

चिकटवल्यावर दचकू नका. प्रत्येक तुकडा एकसारखा रंगवलेला असूनही गडद शेजाऱ्याकडची कड फिकट आणि फिकट शेजाऱ्याकडची कड गडद भासेल, पन्हाळी पत्र्यासारखी. शास्त्रज्ञ अर्न्स्ट माखने १८६५ मध्ये नोंदवलेल्या भासमान पट्ट्यांच्या जातीचाच हा प्रकार. कागदाने शेजारचे खाने झाका, तो एकसारखाच आहे हे दिसेल.

५. पट्टी वापरा

भोकातून वस्तूकडे बघा. वस्तू मागून भोकात दिसते आणि भोवती तुमची ज्ञात छटा असते. डोळे किलकिले करा. ज्या खान्याचं भोक बुजल्यासारखं वाटेल तो त्या वस्तूचा उजळपणा. पट्टीवर आणि वस्तूवर एकच उजेड पडला पाहिजे. पट्टी सावलीत आणि भिंत उन्हात, असं झालं तर आकड्याला अर्थ नाही.

*चित्र काढणाऱ्यांसाठी.* पांढऱ्या सदऱ्याची सावलीतली बाजू नवखा हमखास फिकट रंगवतो, कारण 'सदरा पांढरा आहे' हे त्याला माहीत असतं. इथे मात्र पट्टी उजेडातच धरून सावलीकडे बघायचं, मग ती बाजू चौथ्या-पाचव्या खान्यात निघते. एमआयटीच्या एडवर्ड ॲडेल्सनने १९९५ मध्ये केलेलं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र यासाठीच बघावं: सावलीतला पांढरा चौकोन आणि उन्हातला काळा चौकोन छापील छटेने तंतोतंत एक आहेत, आणि हे माहीत असूनही पटत नाही. साताऱ्याकडच्यांनी औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात जाऊन राजा रविवर्म्यांच्या चित्रांसमोर डोळे किलकिले करून उभं राहावं. रंग विरघळतात आणि छटांची मांडणी उरते.

*भिंतीसाठी.* शेड कार्डाचा इवलासा चौकोन पांढऱ्या कागदावर असतो, म्हणून तो आहे त्यापेक्षा गडद वाटतो. भिंतीवर तीच छटा फिकट वाटायला लागते, कारण शेजारी पांढरं काही उरत नाही. निदान दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना भिंतीवर लावा, खिडकीसमोरच्या भिंतीवर एक आणि खिडकीच्याच भिंतीवर दुसरा. खिडकीच्या भिंतीवर आतला उजेड कमी पडतो, आणि शेजारी लखलखीत खिडकी असल्याने ती आणखी काळवंडते. तिथे एक खाना फिकट घ्यावा, असं माझं मत.

खोली अंधारी वाटते म्हणून एकाच्या जागी दोन दिवे लावले तर तेज दुप्पट होत नाही, सव्वापट वाटतं. दुप्पट वाटायला सुमारे आठपट उजेड लागतो. त्यापेक्षा छत पांढरं करा. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर मात्र दिवे वाढवा. विशीतल्या डोळ्याच्या मानाने त्या वयात डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत सुमारे एक-तृतीयांश उजेड पोचतो.

*फ्लेक्स आणि बोर्डासाठी.* साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या विश्रामबागला चालत्या गाडीवरून वाचता येईल असा मजकूर हवा असेल तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात उजळपणाचं अंतर किमान ४०, बारीक अक्षराला ५० ठेवा. म्हणजे पट्टीवर चार-पाच खाने. रंग वेगळे आहेत एवढं पुरत नाही. स्क्रीनवरच्या निव्वळ रंगांचा उजळपणा असा: पिवळा ९७, हिरवा ८८, लाल ५३, निळा ३२. भगवा साधारण ७२.

आता हिशोब करा. भगव्यावर पांढरी अक्षरं: अंतर २८. गावोगाव हेच दिसतं, आणि लांबून नावाऐवजी नुसता भगवा पट्टा वाचला जातो. अक्षराला गडद मरून किंवा काळी कडा तरी द्या. पांढऱ्यावर पिवळं: अंतर ३, ते न छापलेलंच बरं. निळ्यावर काळं: ३२, कमी. निळ्यावर पांढरं: ६८, उत्तम. लाल आणि मधली राखाडी यांच्यात जवळजवळ अंतरच नाही, पण स्क्रीनवर लाल उसळून दिसतो आणि डिझायनर फसतो. भडक, शुद्ध रंग मोजमापापेक्षा तेजस्वी वाटतात, हे हेल्महोल्ट्झ आणि कोलराउश या दोघांच्या नावाने ओळखलं जातं. त्यावर भरवसा ठेवू नका. छपाईत शाई उतरली की उसळी जाते.

संगणकावर राखाडी खाने भरायचे असतील तर खाना २ ते ७ साठी लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे आकडे सारखेच, ९४, ११९, १४५, १७१, १९८, २२६ द्या. मधली राखाडी म्हणून १२८ टाकायची सवय असते. बरोबर आकडा ११९ आहे.

*संध्याकाळचा बोर्ड.* दिवेलागणीला परड्यातली जास्वंद बघा. पानं अजून दिसत असतात आणि लाल फूल काळं पडलेलं असतं. भर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्याला सगळ्यांत जास्त दाद देतो, अंधारात दंडपेशी (डोळ्यातल्या मंद उजेडात बघणाऱ्या पेशी) काम घेतात आणि ते टोक ५०७वर, निळसर हिरव्याकडे सरकतं. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्येने हे एकोणिसाव्या शतकात टिपलं होतं. काळ्यावर लाल अक्षरांचा बोर्ड दुपारी भडक वाटतो आणि वीज गेलेल्या संध्याकाळी कोरा दिसतो. तसा बोर्ड हवाच असेल तर त्यावर दिवा लावायचा खर्च आधीच धरा.

*फोटोसाठी.* कॅमेऱ्याचं मीटर समोर जे काही असेल ते मधल्या राखाडीसारखंच आहे असं धरून चालतं. म्हणून माणदेशातलं पांढरंशुभ्र खिल्लार फ्रेमभर घेतलं तर मळकट येतं आणि म्हैस घेतली तर राखेत लोळल्यासारखी. खिल्लाराला एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवा, म्हशीला एक स्टॉप कमी करा. किंवा त्याच उन्हात खाना ३ मीटरसमोर धरून वाचन घ्या आणि तेच कायम ठेवा. आपला खाना ३ कागदाच्या तुलनेत १८ टक्के आहे, बाजारातल्या ग्रे कार्डपेक्षा किंचित गडद. फरक पाव स्टॉपाच्या आसपास, तेवढं दुर्लक्ष चालेल.

६. पट्टी बाद कधी करायची

बोटांचं तेल आणि हळद आधी फिकट खान्यांवर दिसते, म्हणून कडेला धरा, भोकात बोट घालू नका. उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला कागद पिवळा पडतो. वापर नसताना वहीत मिटून ठेवा. दर सहा महिन्यांनी खाना ८ शेजारी त्याच जातीचा नवा कोरा कागद लावून बघा. दोघांमध्ये कड दिसली की नवी पट्टी करायची. चकत्या जपून ठेवल्या असतील तर पुढच्या वेळी फक्त तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याचं काम उरतं.